राज्य बदलले, जमीन कोणाची?

१९ डिसेंबर १९६१ या दिवशी गोवा मुक्त झाला. साडेचारशे वर्षांचे पोर्तुगीज राज्य संपले. आनंदाचा दिवस होता तो. पण ज्याच्याकडे चार माडांचे भाट होते, ज्याचे एखादे शेत होते, राहते घर होते, त्याच्या मनात एक शंका येणे साहजिक होते. घराचे कागद पोर्तुगीज भाषेत. त्यांवर शिक्का पोर्तुगीज सरकारचा. ते सरकार तर गेले. मग हे घर आता माझेच ना? की नव्या सरकारकडे जाऊन पुन्हा मागायचे?

हा प्रश्न एकट्या गोव्याचा नाही. १८१८ साली पेशवाई बुडाली, तेव्हा देशावरच्या लोकांना तो पडला. १९४८ साली निजामाचे राज्य गेले, तेव्हा मराठवाड्यातल्या लोकांना तो पडला. 'पंत मेले, राव चढले' असे आपण सहज म्हणतो. पण पंतांच्या सहीचा कागद राव मानणार का, हे ज्याला कळत नाही त्याला रात्री झोप लागत नाही.

इथे एक गोष्ट आधी नीट समजून घेऊ. निवडणूक होते, एक पक्ष जातो आणि दुसरा येतो. त्याने आपल्या शेताला काही होत नाही. राज्य तेच, घटना तीच, तलाठीही तोच. आपण बोलतो आहोत ते याहून मोठ्या बदलाबद्दल. झेंडा बदलतो, नाणे बदलते, कचेरीची भाषा बदलते, असा तो बदल. अशा वेळी मालकीचे काय होते?

जुन्या काळी जिंकणारा राजा सारे काही आपले म्हणू शकत असे. पण शहाणा राजा तसे करत नसे. त्याला सारा हवा असतो. सारा देणार कोण? शेत कसणारा. त्याला हाकलले तर शेत पडीक, आणि खजिना रिकामा. म्हणून रयतेची जमीन रयतेकडे ठेवायची आणि सारा तेवढा आपल्याकडे वळवायचा, ही रीत फार जुनी आहे.

गोव्यातच पाहा. १५१० साली पोर्तुगीजांनी गोवा घेतला. तिथे त्याआधीपासून गावकारी चालत होती. गावातल्या मूळ घराण्यांचे पुरुष म्हणजे गावकार. जमीन गावाची सामाईक. बांध, तळी, खाजनाची मानस, सारे गावकारांनी मिळून पाहायचे. नव्या सरकारने ही रीत मोडली नाही. १५२६ साली एक सनद काढली आणि गावकारांचे जुने रीतिरिवाज लिहून घेतले. सारा आम्हाला द्या, गाव तुम्ही चालवा, असा त्याचा अर्थ. या गावकारीलाच पुढे कोमुनिदाद हे नाव पडले. ती आजही आहे. म्हणजे राज्य दोनदा बदलले तरी ही मालकी टिकली. मात्र सगळ्यांचे असे भाग्य नव्हते. त्याच सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या ताब्यातल्या भागात देवळे पाडली गेली आणि देवळांच्या जमिनींचे उत्पन्न दुसरीकडे गेले. ज्याचा हक्क राज्यकर्त्याला मानायचा होता त्याचा टिकला. ज्याचा मानायचा नव्हता त्याचा गेला.

आता देशावरची गोष्ट ऐका.

११ फेब्रुवारी १८१८ रोजी एल्फिन्स्टन साहेबाने साताऱ्यात जाहीरनामा काढला. पेशव्यांचे राज्य जाणार, कंपनीचे येणार, लोक बिथरू नयेत, म्हणून त्यात वचन दिले की वतने, इनाम जमिनी, वर्षासने, देवस्थानांची उत्पन्ने यांना धक्का लावणार नाही. लोकांना धीर आला. इनाम म्हणजे अशी जमीन, जिचा सारा सरकारने पूर्ण किंवा काही अंशी माफ केलेला असतो.

पुढे चौतीस वर्षे गेली. १८५२ साली सरकारने कायदा करून इनाम कमिशनला बळ दिले. कमिशनचे अधिकारी इनामदारांना विचारू लागले: इनाम कोणी दिले? कधी दिले? सनद कुठे आहे? देणाऱ्याला देण्याचा अधिकार होता का? पुण्यात पेशव्यांचे दप्तर होते. सनद त्या दप्तराशी ताडून पाहिली जाई.

आता विचार करा. तीन-चार पिढ्यांपूर्वीची सनद. कुणाची वाळवीने खाल्लेली, कुणाची भाऊबंदकीत दुसऱ्या घरी गेलेली, कुणाची गळक्या माळ्यावर भिजून लगदा झालेली. जमीन खाली आहे, पीक उभे आहे, सारा गाव साक्षीला आहे. पण कागद नाही. अशा कितीतरी लोकांची इनामे खालसा झाली. खालसा झाली म्हणजे बहुतेक ठिकाणी जमीन हिसकून घेतली असे नव्हे; माफ असलेला सारा भरावा लागू लागला. पण ज्याचे घर त्या माफीवर चालत होते त्याला दोन्ही सारखेच. या प्रकाराने लोकांत मोठा असंतोष पसरला. जाहीरनाम्यातले वचन खोटे होते असे आम्ही म्हणत नाही. वचनाला पुराव्याची अट मागाहून लागली, एवढे मात्र खरे.

त्याच काळात साधी रयत, जी दरसाल सारा भरत होती, तिला सनद कोणी विचारली नाही. तिचे नाव गावच्या वहीत होते. पाटील-कुलकर्णी ओळखत होते. सारा भरल्याचा दाखला होता. तेवढे पुरले.

इथे हक्काचे दोन प्रकार दिसतात. हा फरक नीट लक्षात घ्या, कारण पुढचे सारे त्यावर उभे आहे.

पहिला प्रकार असा. मी शेजाऱ्याकडून शेत विकत घेतले, किंवा बापाकडून वारसाने मिळाले. यात सरकार कुठे आले? सरकारने फक्त नोंद केली. हा हक्क माणसामाणसांतला आहे. राज्य बदलले म्हणून शेजाऱ्याने केलेली विक्री रद्द होत नाही. बाप मेला तो मेलाच, आणि मुलगा वारस तो वारसच.

दुसरा प्रकार वेगळा. जुन्या सरकारने कुणाला काही दिले. इनाम दिले, जहागीर दिली, जंगल तोडण्याचा मक्ता दिला, खाण काढण्याचा परवाना दिला. हा हक्क सरकारच्या देण्यातून आलेला. देणारे सरकार गेले. आता नवे सरकार म्हणू शकते, "त्यांनी दिले असेल. आम्ही मानतो की नाही, ते आम्ही ठरवू."

तुम्ही म्हणाल, हा न्याय कसला? न्याय म्हणा वा न म्हणा, इंग्रजांच्या काळापासून आपल्याकडच्या न्यायालयांत हे तत्त्व चालत आले आहे. नव्या राज्याने जे मान्य केले तेवढेच नव्या राज्याच्या न्यायालयात मागता येते. दुसऱ्या बाजूला, जगातल्या अनेक देशांनी मिळून १९०७ साली हेग शहरात युद्धाचे नियम ठरवले. त्यांत असे आहे की मुलूख ताब्यात घेणाऱ्या सैन्याने खाजगी मालमत्तेचा मान राखावा, ती जप्त करू नये. म्हणजे रयतेचे घरदार लुटीचा माल नाही, एवढे जगाने मानले आहे.

गोव्यात काय झाले?

१९६२ साली भारताच्या संसदेने गोवा, दमण आणि दीव यांच्या कारभाराचा कायदा केला. त्याचे पाचवे कलम फार महत्त्वाचे आहे. मुक्तीच्या वेळी गोव्यात जे कायदे चालू होते, ते बदलले किंवा रद्द केले जाईपर्यंत चालू राहतील, असे त्यात सांगितले. सरकार बदलले, पण कायदा एका रात्रीत पुसला गेला नाही. पोर्तुगालचा १८६७ सालचा नागरी कायदा १८७० पासून गोव्यात लागू होता. तो तसाच चालू राहिला. त्या कायद्याप्रमाणे झालेली खरेदी, वाटणी, वारसा, सारे कायम राहिले. त्या काळची नोंदणीची दप्तरे रद्दीत गेली नाहीत. आजही जुन्या जमिनीचा वाद न्यायालयात आला की वकील त्या वह्यांची नक्कल काढतात. भारताचा नोंदणीचा कायदा आणि मालमत्ता हस्तांतराचा कायदा गोव्यात १९६५ साली लागू झाले. तिथून पुढची खरेदीखते नव्या रीतीने.

म्हणून सुरुवातीच्या शंकेचे उत्तर असे: घर तुमचेच. पुन्हा मागायला जाण्याची गरज नव्हती.

पण दुसऱ्या प्रकारचे काय? गोव्यात लोखंडाच्या खाणी आहेत. पोर्तुगीज सरकारने खाणींचे हक्क अनेकांना दिले होते, काहींचे अर्ज पडून होते. अशाच एका खाणीचा वाद दिल्लीला सर्वोच्च न्यायालयात गेला. १९८१ साली निकाल लागला. न्यायालय म्हणाले की जुना कायदा चालू ठेवला, एवढ्यावरून जुन्या सरकारकडे मागायचा प्रत्येक हक्क नव्या सरकारने मानला, असे होत नाही. मानला असेल तर तसे दिसले पाहिजे. वर सांगितलेला फरक तो हाच.

याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल की सरकारपुढे कोणाचे काही चालत नाही. बुंदेलखंडात चरखारी आणि सरीला ही दोन लहान संस्थाने होती. तिथल्या राजांनी १९४८ च्या जानेवारीत काही लोकांना गावे दिली. पुढे संस्थाने विलीन झाली. ती गावे शेवटी उत्तर प्रदेशात आली. १९५२ साली उत्तर प्रदेश सरकारने ती देणगी रद्द केली. लोक सर्वोच्च न्यायालयात गेले. १९५४ साली न्यायालयाने निकाल त्यांच्या बाजूने दिला. आता घटना लागू आहे, हे लोक भारताचे नागरिक आहेत, आणि सरकार आपल्याच नागरिकाशी जिंकलेल्या मुलखातल्या परक्यासारखे वागू शकत नाही, असे न्यायालयाने सांगितले. पुढच्या काही निकालांत न्यायालय पुन्हा जुन्या तत्त्वाकडे झुकले. तरी तो निकाल आम्हाला मोठा वाटतो. राजाने दिले आणि राजाने नेले, हे दिवस घटनेने संपवले.

घटनेत आज ३०० अ हे कलम आहे. कायद्याच्या आधारावाचून कोणाचीही मालमत्ता काढून घेता येणार नाही, असे ते सांगते. आधी मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्कांत होता. १९७८ साली घटनादुरुस्ती झाली आणि १९७९ पासून तो तिथून काढून या कलमात ठेवला. मूलभूत राहिला नाही, पण हक्क आहे. साहेबाच्या तोंडी हुकमाने कोणी तुम्हाला घराबाहेर काढू शकत नाही. कायदा दाखवावा लागतो.

कायदा करून मात्र सरकार मालकी बदलू शकते. आणि गोव्यात तशी ती बदललीही.

भाटकार म्हणजे जमिनीचा धनी. त्याच्या भाटात झोपडी बांधून राहणारा तो मुंडकार. कूळ म्हणजे खंडाने शेत कसणारा. पोर्तुगीज काळात मुंडकाराने भाटकाराला दुखवले तर दुसऱ्या दिवशी चूल कुठे पेटवायची हा प्रश्न असे. १९६४ साली कुळांसाठी कायदा झाला. १९७६ साली त्यात दुरुस्ती होऊन कुळाला कसत्या जमिनीचा मालक मानले. १९७५ साली मुंडकारांचा कायदा झाला. त्याने मुंडकाराला घरातून काढण्यास बंदी केली, आणि घर व भोवतालची काही जागा ठरल्या किमतीला विकत घेण्याचा हक्क दिला. भाटकारांना हे रुचले नाही. आमच्या मालकीवर घाला आला, असे ते म्हणाले. त्यांचेही काही खरे होते. कागद त्यांच्या नावे होते. पण चार पिढ्या ज्या मातीवर कुणाची चूल पेटली, तिच्यावर त्याचा काहीच हक्क नाही, हे आम्हाला पटत नाही. मालकी जपायची ती फक्त मोठ्या मालकाची असे कुठे आहे? मुंडकाराचे चार भिंतींचे घर हीसुद्धा मालमत्ताच.

तरी एक अडचण राहिली. कायद्याने हक्क दिला, पण तो आपोआप कागदावर येत नाही. मामलेदाराकडे अर्ज करावा लागतो, पुरावा द्यावा लागतो, किंमत भरून दाखला घ्यावा लागतो. कित्येकांनी 'आता कोण काढतंय आपल्याला?' म्हणून ते केलेच नाही. पुढे भाटकाराच्या नातवाने जमीन बाहेरच्या माणसाला विकली की मग धावपळ सुरू होते.

नाव कुठे लिहिले आहे?

१९६८ साली गोव्यात जमीन महसुलाचा कायदा झाला. मग गावोगाव मोजणी झाली, सर्वे नंबर पडले आणि नवे हक्कपत्रक तयार झाले. महाराष्ट्रात जसा सात-बाराचा उतारा, तसा गोव्यात 'एक-चौदा' चा उतारा. त्यात कब्जेदाराचे नाव असते, कूळ असेल तर त्याचे नाव असते, इतर हक्क असतील तर तेही असतात.

कायदा म्हणतो की या पत्रकातली नोंद खरी धरावी, खोटी आहे असे कोणी सिद्ध करीपर्यंत. याचा अर्थ दोन्हीकडून घ्या. तुमचे नाव असेल तर तुम्हाला सिद्ध करायचे ओझे नाही, समोरच्याला आहे. तुमचे नाव नसेल, दुसऱ्याचे असेल, तर ओझे तुमच्या डोक्यावर. मात्र नोंद म्हणजे मालकी नव्हे. सर्वोच्च न्यायालयाने हे पुन्हा पुन्हा सांगितले आहे. नोंद साऱ्यासाठी असते. मालकी ठरते ती खरेदीखत, वारसा, वाटणी, न्यायालयाचा हुकूम यांवरून. पण खेड्यात अनुभव असा की ज्याच्या नावाचा उतारा, त्यालाच बँक कर्ज देते आणि त्यालाच गिऱ्हाईक भेटते. म्हणून नोंदीकडे दुर्लक्ष करू नये.

नव्या मोजणीच्या वेळी जो जागेवर हजर होता त्याचे नाव लागणे सोपे होते. जो नव्हता त्याचे? गोव्यातले पुष्कळ लोक बोटीवर, मुंबईस, आफ्रिकेत, आखातात, पोर्तुगालात. घराला कुलूप. जुन्या पोर्तुगीज वहीत मालक एक आणि नव्या उताऱ्यात नाव दुसरेच, असे घोळ त्यातून झाले. गोवा सोडून गेलेल्या काही लोकांच्या मालमत्तांसाठी सरकारने १९६४ साली वेगळा कायदाही केला आणि त्या सांभाळायला अधिकारी नेमला.

सोन्याची एक गोष्ट आठवते, ती सांगून टाकू. मुक्तीच्या आधी पणजीला बांको नासिओनाल उल्त्रामारिनो ही पोर्तुगीज बँक होती. लोकांनी दागिने तिथे गहाण ठेवले होते. पोर्तुगीज राज्य जाताना ते दागिने लिस्बनला गेले. ते परत आले १९९१ साली. तीस वर्षांनी! गहाण ठेवणारी कित्येक माणसे तोवर देवाघरी गेली असतील. सोने बोटीत घालून नेता येते. जमीन कुठे नेता येत नाही, ती तिथेच असते. म्हणूनच मालक गाफील राहतो.

आणि गाफील मालकाचे काय होते, ते अलीकडे दिसले. मालक मेलेला किंवा परदेशी, वारस पत्ता नसलेले, अशा जमिनी हेरून काही लोकांनी पोर्तुगीज काळातले वाटावेत असे बनावट कागद तयार केले, आणि त्यांच्या जोरावर जमिनी स्वतःच्या नावे करून विकल्या, अशा तक्रारी आल्या. जुन्या दप्तरातच खोटे कागद घुसवल्याचाही आरोप झाला. २०२२ साली गोवा सरकारने चौकशीसाठी पोलिसांचे विशेष पथक नेमले, आणि निवृत्त न्यायमूर्ती व्ही. के. जाधव यांचा एकसदस्य आयोगही नेमला. गंमत पाहा: ज्या पोर्तुगीज कागदांना आता कोण विचारतो असे आपल्याला वाटत होते, त्यांची किंमत चोरांना आपल्याआधी कळली.

आणखी एक धोका आहे तो मुदतीचा. दुसरा कोणी उघडपणे, मालक म्हणून, तुमच्या जमिनीवर सलग बारा वर्षे बसला आणि तुम्ही दावा लावला नाही, तर तुमचा हक्क बुडू शकतो. तेव्हा दूर असलेल्या भावाने वर्षातून एकदा तरी येऊन बांध पाहावा. घरपट्टी भरावी. पावती जपावी. गावात राहणाऱ्याने भावाची जागा नुसती 'बघतो' म्हणू नये. लेखी पत्र घ्यावे, म्हणजे पुढे दोघांत वाद नको.

घरातल्या बायकांविषयी थोडे सांगतो, कारण कागदाच्या गोष्टीत त्यांचे नाव हमखास राहते. गोव्याच्या कायद्याप्रमाणे, लग्नाआधी वेगळा करार केलेला नसेल, तर सर्वसाधारणपणे नवराबायकोची मालमत्ता सामाईक होते. अर्धी त्याची, अर्धी तिची. घरजमीन विकायची तर दोघांची संमती लागते. आईबापाच्या मालमत्तेत मुलगा आणि मुलगी यांचा वाटा सारखा. हा कायदा पोर्तुगीजांनी केला, पण राज्य बदलताना तो टिकला म्हणून बाईचा अर्धा हिस्सा टिकला. आता वारशाचा भाग २०१६ च्या डिसेंबरपासून गोव्याच्या स्वतःच्या कायद्यात आला आहे. तेव्हा विक्रीच्या कागदावर नुसती नवऱ्याची सही असेल तर तो कागद लंगडा. आणि बाईनेही, 'इथे अंगठा कर' म्हटले की केला, असे करू नये. आधी वाचावे. आता वाचता येते ना?

वारसाची नोंद करण्यात आपण फार आळस करतो. बाप गेला, आजाचेच नाव उताऱ्यावर चालले आहे, असे किती तरी घरांत आढळते. मग तीस-चाळीस वारस होतात. एक मुंबईत, एक कुवेतमध्ये, एकाचा पत्ता नाही. सगळ्यांच्या सह्या गोळा करता करता जन्म जातो. बापाचे तेरावे झाले की मृत्यूचा दाखला काढावा आणि वारस लावण्याच्या मागे लागावे. कचेरीतून कुणाच्या अर्जाची नोटीस आली तर ती पाटावर ठेवून विसरू नये. हरकत घ्यायला ठरावीक मुदत असते. ती गेली की काम दुप्पट होते.

मराठवाड्यातल्या वाचकांसाठी दोन शब्द. १७ सप्टेंबर १९४८ ला निजामाचे राज्य गेले. १९४९ साली जहागिरी संपवणारा हुकूम निघाला. १ नोव्हेंबर १९५६ ला मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० ला महाराष्ट्रात. बारा वर्षांत राज्याची पाटी तीनदा बदलली. म्हणून तिथल्या घरात उर्दू कागद निघतात, मोडी निघतात. सेतवार, खासरा पाहणी, इनाम असेल तर मुन्तखब. तारखेच्या जागी फसली सन असतो. त्यात ५९० किंवा ५९१ मिळवले की इंग्रजी साल येते. १३५८ फसली म्हणजे १९४८-४९. कागद कळत नाही म्हणून फेकू नका. मोडी आणि उर्दू वाचणारे जाणकार अजून आहेत.

पोर्तुगीज कागदाचेही तेच. जाणत्याकडून भाषांतर करून घ्यावे, पण मूळ कागद कुणाच्या हाती देऊ नये. नक्कल द्यावी. वकिलाला मूळ द्यावाच लागला तर पोच घ्यावी. खरेदीखताची खरी नक्कल नोंदणीच्या कचेरीत फी भरून मिळते. खूप जुने कागद पुराभिलेख खात्यात सापडतात. आजचा उतारा तर सरकारच्या संकेतस्थळावरही पाहता येतो. वर्षातून एकदा मुलाला किंवा सुनेला सांगून उतारा काढवून घ्या आणि स्वतः वाचा. नाव तेच आहे ना, कुणाचे नवे नाव शिरले नाही ना, क्षेत्र तेवढेच आहे ना.

जुन्या कागदाची खरी अडचण वेगळीच आहे. त्यात सर्वे नंबर नसतो. जागेचे नाव असते आणि चतुःसीमा असतात: उगवतीला अमक्याचे भाट, मावळतीला ओहोळ, दक्षिणेला देवळाची वाट, उत्तरेला अमक्याचे शेत. ओहोळ आता वळला. वाटेचा रस्ता झाला. शेजाऱ्याचे शेत तिघांनी विकत घेतले. मग हा कागद आजच्या कोणत्या नंबराचा, हे सांगणार कोण? गावातले एखादे ऐंशी-नव्वद वर्षांचे माणूस सांगते. त्याला घेऊन बांधावर जा. नकाशा बरोबर न्या. जुने नाव कुठल्या तुकड्याचे, ओहोळ पूर्वी कुठून जात होता, हे त्याच्या तोंडून ऐका आणि तिथल्या तिथे लिहून काढा. दोन साक्षीदारांच्या सह्या घ्या, त्याची सही किंवा अंगठा घ्या आणि तो कागद जुन्या खरेदीखताला जोडून ठेवा. हे काम पावसाळ्यापूर्वीच करा. पाऊस लागला की बांधावर गवत माजते आणि जुनी मेर दिसत नाही.